मिठाच्या होडीतला पळा

तळ्याचं नाव मी लिहिणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. जर्मनीच्या दक्षिणेला, डोंगराच्या पायथ्याशी एक तळं आहे, एवढं पुरे. पूर्वीची मी असते तर नाव, गाव, कुठल्या स्टेशनावर उतरायचं, समोरच्या हॉटेलात केक कसा मिळतो, सगळं सांगून मोकळी झाले असते. आमच्या घराची रीतच तशी होती.

आमचे हे कराडच्या एस.टी. स्टँडवर कंट्रोलर होते. खिडकीत बसून माईकवरून गाड्या पुकारायचे. रिटायर झाले, माईक तिथेच राहिला, पण पुकारणं काही सुटलं नाही. लेक पास झाली की आळीभर पुकारून यायचे. तिची जर्मनीत येनाला पीएच.डी.साठी निवड झाली तेव्हा तर भाजीवालीला, रिक्षावाल्याला, दाढी करणाऱ्याला, कुणाला म्हणून सोडलं नाही. घरात कढी चांगली झाली तरी शेजारी बातमी. मी म्हणायची, अहो, थोडं तरी पोटात ठेवा. तर म्हणायचे, "अगं, गाडी लागली आणि पुकारली नाही, तर माणसं बसायची कशी?"



लेक येनाला गेल्यापासून दर उन्हाळ्यात आम्ही तिच्याकडे जाऊन राहतो. तिथे हे स्टेशनावर खूश. गाडीला उशीर आहे असं भोंग्यावरून जर्मनमध्ये सांगितलं, की मागोमाग यांचं मराठीत सुरू. "प्रवाशांनी लक्ष द्यावे, फलाट तीनवर येणारी गाडी नेहमीप्रमाणे उशिरा येत आहे." लेक हसून हसून बेजार व्हायची. शेजारची जर्मन माणसंसुद्धा हसायची, अर्थ कळत नसला तरी.

येना म्हणजे भिंगांचं गाव. दुर्बिणी, कॅमेरे, असलं सगळं तिथे पिढ्यान् पिढ्या करतात. लेकीचं काम पाण्याखालच्या कॅमेऱ्याचं. तळ्यात, नदीत बुडालेल्या जुन्या होड्यांचे असे फोटो काढायचे की त्यावरून मापं घेता यावीत. एकच होडी, तेच कोपरे, दर वर्षी पुन्हा. लाकूड किती झिजलं, वाळू किती सरकली, शिंपले कुठे चढले, ते त्यावरून कळतं. तिच्या वाट्याला आलेली होडी मिठाची होती. सपाट तळाची, लांबलचक. कधीकाळी मीठ भरून निघाली आणि पोचली नाही. मीठ काय, तेव्हाच विरघळलं असणार. होडी राहिली.

मी तिला विचारलं, "मग वर का नाही काढत? बिचारी किती दिवस पडून राहणार?"

"आई, वर काढली की संपलीच ती. तिथे गाळात, अंधारात, गार पाण्यात ती टिकलीय. हवा लागली की लाकूड जातं. म्हणून जागेवर राहू द्यायची आणि लक्ष ठेवायचं."

"आणि कुणी चोरून नेलं काही?"

"म्हणून तर जागा कुणाला सांगायची नाही. आल्झो, थोडक्यात काय, आमचं अर्धं काम म्हणजे गप्प बसणं."

यावर हे म्हणाले, "मग आपल्या घराण्यात हे काम जमणारी तू पहिलीच." आम्ही तिघं हसलो. आता तो दिवस आठवला की ते हसू नकोसं वाटतं.

त्याच उन्हाळ्यात यांनी हट्ट धरला, मला तुझी होडी दाखव. ती म्हणाली, बाबा, पाण्याखाली आहे, दिसणार काय? तरी म्हणाले, पाणी तर दिसेल. शेवटी ती आपल्या कामाच्या माणसांबरोबर गेली तेव्हा आम्हालाही घेऊन गेली. आम्ही धक्क्यावर बसलो, सोबत दशम्या आणि लसणाची चटणी. ती काळा रबरी पोशाख घालून पाण्यात उतरली तेव्हा मी डबा बंद करून देवाचं नाव घेत बसले. हे मात्र उभेच होते. जिथे ती बुडी मारून गेली तिथे एक पिवळा बोया तरंगत होता. त्याच्यावरची नजर ती वर येईपर्यंत त्यांनी काढली नाही. वर आल्यावर म्हणाले, "माझी लेक कुठे जाऊन आली बघ. तिथे कुणी माणूस जात नाही."

मग फोटो काढला. लेकीचा ओला चेहरा, मागे पिवळा बोया, त्याच्याही मागे पलीकडच्या काठावरचं कांद्यासारख्या घुमटाचं छोटं चर्च. लेक म्हणाली, "बाबा, हा तुमच्याजवळच ठेवा हं. कुठे पाठवू नका."

"गेनाऊ," हे म्हणाले. म्हणजे 'अगदी बरोबर'. त्यांना येणाऱ्या चार जर्मन शब्दांतला हा लाडका शब्द.

ठेवला बरं का. बरेच दिवस ठेवला. मी साक्षीला आहे. रोज चहाच्या वेळी फोन काढायचे, फोटो बघायचे, परत ठेवायचे. लहान मुलाच्या हातात लाडू देऊन खाऊ नको म्हणावं, तसं चाललं होतं. मग जर्मनीतल्या आपल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर कुणीतरी आपल्या मुलाच्या नव्या गाडीचा फोटो टाकला. त्यावर शंभर अंगठे, शंभर हात जोडलेले. यांच्याने राहवेना. टाकला. आणि खाली लिहिलं, "माझ्या लेकीची मिठाची होडी. पिवळ्या बोयाच्या बरोबर खाली."

मला दाखवला तेव्हा अंगठे यायला लागलेही होते. मी म्हटलं, "अहो, ती नको म्हणाली होती."

"अगं, आपलीच माणसं आहेत. आपली माणसं काय चोर आहेत?"

चोर नव्हतीच. तेच तर मला अजून पचत नाही. चोर असता तर त्याला शिव्या देऊन मोकळी झाले असते.

पुढे काही आठवड्यांनी लेक कामासाठी रेगेन्सबर्गला गेली होती आणि घरी आम्ही दोघंच होतो. नेकारसुल्मच्या मोटारींच्या कारखान्यात नोकरी करणारा एक मराठी इंजिनियर मुलगा आला. मुलगा म्हणजे तिशी ओलांडलेला. मंडळाच्या गणपतीत ओळख झाली होती, काका-काकू म्हणून मागे-पुढे करायचा. येनाला मित्राकडे आलो होतो, म्हटलं तुम्हाला भेटून जावं, म्हणाला. वाकून नमस्कार केला. घरच्या चकल्या आणल्या होत्या. आणि वर्तमानपत्रात गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणखी काहीतरी.

"काका, हे खास तुमच्यासाठी. रिकाम्या हाताने कसं यायचं?"

उघडलं तर एक लाकडी पळा. काळाकुट्ट, ओला, आपल्याकडे धान्य भरायला पसरट डाव असतो ना, तसा. होडीत साठलेलं पाणी उपसायचा. मी हातात घेतला. दांड्यावर अंगठा टेकतो तिथे एक खळगा होता, झिजून झिजून पडलेला. माझा अंगठा बरोबर त्यात बसला. कोण तो खलाशी, किती वर्षं पाणी उपसत होता देव जाणे, पण त्याचा हात माझ्या हाताएवढाच असावा असं वाटून मी जरा चमकलेच.

त्याला बुड्या मारायचा छंद. तिकडच्या डायव्हिंग क्लबातला. यांच्या फोटोतल्या चर्चवरून त्याने तळं ओळखलं होतं आणि क्लबातल्या मित्रांना घेऊन जाऊन आला होता. "होडीला आम्ही हातसुद्धा लावला नाही, काका. हा बाजूला वाळूत सुटा पडला होता. आज ना उद्या कुणीतरी उचललाच असता. म्हटलं, ताईचीच वस्तू आहे, ताईच्या घरी जावी."

यांचे डोळे भरून आले. "बघ," मला म्हणाले, "याला म्हणतात आपलं माणूस." त्याला जेवायला बसवलं. मी पिठलं-भात केला. पोरगं पोटभर जेवून गेलं.

मग यांनी तो पळा टॉवेलने टिपला आणि बाल्कनीत उन्हात ठेवला. नवं पोळपाट-लाटणं आणलं की आपण खोबरेल पाजून ऊन दाखवतो, तसं. वाळल्यावर तेल लावायचं ठरलं होतं. लेक येईल तेव्हा तिच्या पुढ्यात ठेवायचा, तोवर फोनवर बोलायचं नाही, अशी मला ताकीद. आणि गंमत बघा, जन्मात पहिल्यांदा यांनी एक बातमी पोटात ठेवली. सांगितली असती तर ती फोनवर ओरडली असती, पाण्यात घाला म्हणून, आणि कदाचित पळा वाचला असता.

पहिल्या दिवशी नुसता रंग उतरला. मग एक बारीक चीर गेली. हे म्हणाले, लाकूड तेल मागतंय, आणि तेल लावलं. मग चिरा वाढल्या, कड आत वळली, पापड भाजताना वळतो तशी. लेक परत आली तेव्हा पळा निम्म्याने आक्रसला होता आणि अंगठ्याचा खळगा कुठे होता ते शोधूनही सापडेना.

हे मोठ्या कौतुकाने म्हणाले, "डोळे मीट." आणि तिच्या हातात ठेवला.

ती बघतच राहिली. बॅग खांद्यावर तशीच.

"हे कुठून आलं?"

यांनी सांगितलं. सगळं, पहिल्यापासून. सांगता सांगता त्यांचा आवाज बारीक होत गेला. तिने धावत जाऊन बादलीत पाणी भरलं, त्यात तो ठेवला, आणि बादलीजवळ बाथरूमच्या फरशीवरच बसली. मी म्हटलं, "अगं, भिजला की फुगेल पुन्हा. लाकूडच ते."

"आई, ते लाकूड राहिलंच नव्हतं. आतलं सगळं कधीच विरघळून गेलं होतं. नुसतं पाणी त्याला धरून होतं."

रागावली असती तर बरं झालं असतं. ती रागावली नाही. थोड्या वेळाने बाहेर आली तर हे दाराशीच उभे. म्हणाले, "बाळा, हे कुणाला कळायची गरज आहे का? तुला काठावर सापडला म्हणून सांग. तुझं शिक्षण अडायला नको."

"बाबा, तो मिळाला हे महत्त्वाचं नाही. तिथे माणसं जायला लागलीत, हे महत्त्वाचं. मी गप्प बसले तर होडी जाईल."

कामापायी गप्प बसायला शिकलेल्या पोरीला नेमकं तेव्हा बोलावं लागलं, तेही बापाविरुद्ध. दुसऱ्या दिवशी तिने डेंकमालआम्टला कळवलं. जुन्या गोष्टींची राखण करणारं सरकारी खातं ते. काहीही न लपवता कळवलं. त्यांची माणसं पाण्यात उतरली. क्लबच्या बोटीने टाकलेला नांगर होडीच्या कडेवर पडून एक फळी उखडली होती. कुणी हात लावला नव्हता हे खरंच होतं. नांगराला कुठे हात असतो?

जागा आता उघडी पडली, म्हणून होडीवर जाड कापड अंथरून वर खडी टाकायचं ठरलं. होडीसाठी ते चांगलंच, असं लेकच म्हणाली. पण झाकलेल्या होडीचे फोटो कसे काढणार? ज्या होडीची ती दर वर्षी मापं घेत होती, जिच्यावर सगळा प्रबंध उभा, तीच तिच्या कॅमेऱ्यापुढून गेली. दुसरी होडी द्यायला खातं तयार होईना. कुणी टाकून बोललं नाही तिला. फक्त नव्या जागा तिला सांगणं बंद झालं. आता ती प्रयोगशाळेत, टाकीत बुडवलेल्या लाकडाच्या तुकड्यांवर काम करते. प्रबंध होईल, म्हणते. पाण्यातून वर आल्यावर तिच्या तोंडावर जे काही असायचं, ते टाकीपाशी नसतं. आई आहे मी, मला दिसतं.

त्या मुलाचा फोन आला होता. रडत होता. हे त्याला म्हणाले, "तुझं काही चुकलं नाही, बाळा. तू पाहुणा म्हणून आलास, वस्तू घेऊन आलास. घर माझं होतं." नंतर ग्रुपवरून यांनी आपलं नाव काढून टाकलं. नातेवाइकांच्या ग्रुपवरूनसुद्धा.

यंदाच्या उन्हाळ्यात लेक आम्हाला पुन्हा तळ्यावर घेऊन गेली. का, ते मी विचारलं नाही. मला वाटतं, यांच्यासाठी. पिवळा बोया नव्हता. पाणी तेच, चर्च तेच. आम्ही त्याच धक्क्यावर बसलो, पण दशम्या कुणाला गेल्या नाहीत. ती म्हणाली, "बाबा, एक फोटो काढा ना आपला तिघांचा." हे म्हणाले, "राहू दे. आहे की आधीचा." तो आधीचा त्यांनी कधीच पुसून टाकलाय, हे मला ठाऊक होतं. तिलाही असावं.

येताना स्टेशनावर गाडीला उशीर. भोंग्यावरून बाई जर्मनमध्ये सांगू लागली, थांबली. लेक यांच्याकडे बघत होती. मग हळूच म्हणाली, "बाबा, पुकारा ना."

यांनी फलाटाच्या टोकाकडे पाहिलं, चष्मा काढून पुसला.

"सांगितलं की तिने आत्ता," म्हणाले.