घंटा थांबली की दार बंद

सभागृहात मतदानाची घंटा तीन मिनिटं वाजते आणि थांबली की दार बंद होतं. ते बंद करणारा माणूस म्हणजे कडीबुवा. त्याचं खरं नाव पगारपत्रकावर असेल, पण ते वाचायची वेळ कधी कुणावर आली नाही. बावीस वर्षांत त्यानं घंटेनंतर एकालाही आत घेतलं नव्हतं. एकदा तर एका मंत्र्याच्या कोटाचं टोक दारात अडकलं, आणि मतदान संपेपर्यंत मंत्री आत, टोक बाहेर. देश चालवणाऱ्यांना घड्याळ कळत नाही म्हणून देशानं आपल्याला ठेवलंय, असं तो बायकोला ऐकवायचा.

बायको त्याच इमारतीत फरशी पुसायची, एकोणीस वर्षं, हंगामी म्हणून. हंगाम कुठला, ते कुणी सांगितलं नव्हतं. यंदा तिचा गुडघा पार कामातून गेला होता. ऑपरेशन करायचं तर दोन महिने घरी बसावं लागणार, आणि हंगामी बाईनं दोन महिने बसायचं म्हणजे कायमचंच बसायचं. त्यामुळे सफाई कामगारांना कायम करायचं विधेयक मताला आलं त्या दिवशी कडीबुवानं सकाळपासून चारदा कडी तपासली होती.

घंटा झाली. सदस्य रमतगमत आत शिरले. घंटा थांबली तेव्हा एक जाडे सदस्य कॉरिडॉरच्या वळणावरून धापा टाकत येत होते. याच विधेयकासाठी सहा महिने घसा फोडणारे तेच ते. दार दहा पावलांवर होतं. कडीबुवानं त्यांच्याकडे पाहिलं आणि कडी लावली.

आत एकशे बारा विरुद्ध एकशे बारा. अशा वेळी एरवी मत न देणारे अध्यक्ष आपलं मत देतात, आणि पायंडा असा की आहे ते तसंच राहील अशा बाजूनं द्यायचं. म्हणजे काहीच न करणाऱ्यांना एक मत फुकट. अध्यक्षांनी चष्मा पुसला, पायंड्याची थोरवी गायली आणि विधेयक पडलं.

संध्याकाळी ताटावर बसल्यावर कडीबुवानं स्वतःच सगळं सांगून टाकलं. दहाच पावलं होती, थांबता आलं असतं, असंही म्हणाला.

बायकोनं त्याला भाकरी वाढली. मग म्हणाली, "ती दहा पावलं माझ्यामुळे राहिली. फरशी ओली होती. मी त्यांना अडवलं, मागून फिरून जा म्हटलं."

"अगं, घंटा वाजत होती."

"वाजू दे की. ओल्या फरशीवरून मी अध्यक्षांनासुद्धा जाऊ देत नाही."

कडीबुवाला आधी राग आला. पण तो कुणावर काढायचा, हेच कळेना. खरं सांगायचं तर त्याला तिचा अभिमान वाटला, आणि अभिमान वाटल्याची लाजही वाटली.

"विधेयक पुन्हा आलं," ती म्हणाली, "आणि तेच साहेब पुन्हा उशिरा आले, तर?"

त्यानं पुष्कळ विचार केला. "लावीन कडी."

"मीही फिरूनच पाठवीन."

मग तिनं हात पुढे केला. "उठवा मला. गुडघा धरलाय."