जहरचंदने दाखवलेला रस्ता

माझे वडील खलनायक आहेत. तसे ते, आमचे बाबूजी, आंजी मोठी या गावचे किराणा दुकानदार ताराचंदशेठ, वय एक्याऐंशी, सकाळी तासभर देवपूजा आणि बिनसाखरेचा चहा. पण पुलगावपासून हिंगणघाटपर्यंत चाळिशीतल्या कुठल्याही माणसाला त्यांचा फोटो दाखवा, तो ओरडेल, "अरे, हा तर जहरचंद!"

ही करणी गुलाब पेंटरची. गुलाबराव आमच्याच गावचे. दुकानांच्या पाट्या रंगवायचे, पोळ्याला बैलांची शिंगं आणि तान्ह्या पोळ्याला पोरांचे लाकडी बैल. उरलेल्या वेळात ते 'धडाकेराव' नावाची चित्रकथा काढत. नागपूरचा एक छोटा छापखाना ती दर महिन्याला छापायचा आणि एसटी स्टँडवरच्या टपऱ्यांवर ती दोरीला टांगलेली असायची. बत्तीस पानं, त्यातली वीस मारामारीची.

पहिला अंक आला त्र्याण्णव साली. गुलाबराव मोठ्या हौसेनं तो घेऊन दुकानात आले. तोवर सगळ्या गावाचं न उघडताच "वा पेंटर" म्हणून झालं होतं. बाबूजींनी चष्मा लावला, गिऱ्हाइकांना थांबवलं, एकूण एक पान वाचलं आणि म्हणाले, "पेंटर, याचा आंगठा उल्टा हाय."

खरंच होता. मुखपृष्ठावर धडाकेरावानं उजवा हात उगारला होता आणि अंगठा मात्र डाव्या हाताचा होता. गुलाबरावांनी अंक उचलला आणि गेले. पुढच्या महिन्यात धडाकेरावाला वैरी मिळाला. गोल टोपी, कानावर पेन्सिल, नाकाच्या शेंड्यावर तीळ, नाव जहरचंद. हा इसम गावच्या विहिरीत विष कालवायचा आणि त्यानंतर "हॅ हॅ हॅ" हसायचा. बाबूजी आयुष्यात कधी तसे हसलेले नाहीत. माझ्या आईनं, शकुंतलाबाईंनी, तो अंक चुलीत घातला आणि दोन्ही घरांचं बोलणं बंद झालं.

वाचक मात्र येऊ लागले. कोणी सायकलनं, कोणी वर्ध्याहून एसटीनं. स्टँडवरून पहिलं दुकान आमचं, म्हणून पत्ता आमच्याकडेच विचारायचे. "गुलाब पेंटरचं घर कुठं?" म्हणून मान वर करावी, तर गल्ल्यावर साक्षात जहरचंद. एक पोरगी तर चप्पल टाकून पळाली होती.

गुलाबरावांचं घर आमच्या दुकानातून दिसतं. मध्ये नाला, नाल्यावर फरशीचा ठेंगणा पूल, पलीकडे घर. जेमतेम साठ पावलं. पण बाबूजी गंभीर चेहऱ्यानं उलट दिशेला हात दाखवायचे. कोणाला कोंडवाड्याकडे धाडलं, कोणाला आटाचक्कीकडे, एकाला तर थेट मसणवटीत. माणूस वळणावर दिसेनासा झाला की दुकानाच्या खांबाला आपला लाल दुपट्टा बांधायचे. मी समजायचो, जिंकल्याचा झेंडा आहे. मला बापाची लाज वाटायची. अहो, मीही धडाकेरावाचा भक्त होतो, अंक शाळेच्या दप्तरात लपवून वाचायचो!

अठ्ठ्याण्णव साली छापखाना बसला. शेवटच्या अंकाच्या शेवटच्या पानावर मोठ्या अक्षरांत होतं, "पुढील अंकी जहरचंदचा अंत!" पुढचा अंक आलाच नाही. बाबूजी तेव्हापासून टांगणीला लागलेले.

हसू नका. गुलाबरावांच्या कुंचल्याचा धाक गावाला होता. नवव्या अंकात त्यांनी आटाचक्कीवाले लक्ष्मणराव विहिरीत पाडले, आणि त्याच महिन्यात लक्ष्मणराव खरोखर पडले. पाणी गुडघाभर होतं, वर येऊन त्यांनी विडी पेटवली, तो भाग वेगळा. तेव्हापासून बाबूजींचं ठाम मत झालं की पेंटरनं काढलं की ते होतं.

आणि यंदा पोळा झाल्यावर बातमी आली. जुन्या वाचकांनी मोबाईलवर गट केला होता. सगळ्यांनी मिळून गुलाबरावांच्या मागे लागून तो राहिलेला अंक त्यांच्याकडून चितारून घेतला होता. वर्ध्यात वाचनालयाच्या माडीवर त्यांचा सत्कार, तिथेच शेवटचं पान उघडणार. जहरचंद मरावा की जगावा यावर मतं घेतली होती. एकशे बारा मतं मरणाला, जगण्याला एक. ते एक माझं.

बाबूजी दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "भूपेंद्र, मले घेऊन चाल."

"काऊन बाबूजी? लोक हासतीन."

"हासू दे. मराचं असन तं समोर बसून मरतो. मांगून कोणाच्या मोबाईलवर नाई."

मग मला हसू आलं नाही. मी ऑटो सांगितला.

माडीवर चाळीसेक लोक होते. आम्ही मागच्या रांगेत बसलो. बाबूजींनी टोपी काढून खिशात घातली होती आणि नाकावर रुमाल धरला होता, तीळ झाकायला. पुढे खुर्चीवर गुलाबराव, इस्त्रीच्या सदऱ्यात, मांडीवर कागदाची गुंडाळी. कार्यक्रम असा की एकेकानं उठून गुलाबरावांची पहिली भेट सांगायची.

पुलगावचे धनंजय मास्तर उठले. "मी सातवीत होतो. घरी न सांगता सायकलनं आंजीले गेलतो. जहरचंदनं मले कोंडवाड्यात धाडलं. तिथं एक रेडा होता. पाऊण तासानं कसाबसा गुलाबरावांच्या दारात पोचलो, तं ते कुंचला घेऊन असे बसले होते जसा राजा बसते!"

मग वर्ध्याच्या कचेरीत नोकरीला असलेली काजल उठली. "चप्पल टाकून पळाली ते मीच. थांबली ते चक्कीपाशी. लक्ष्मणकाकांनी हात धरून नेऊन देलं. गुलाबरावांनी मले पाट दिला, पाणी दिलं आन् धडाकेराव काढून देला. अजून फ्रेममधी हाय."

सहा जण बोलले, सहाही जण आधी चुकलेले. हशा वाढत चालला आणि बाबूजी खुर्चीत खाली खाली घसरत चालले. एवढ्यात त्यांना शिंक आली, रुमाल पडला आणि कोणीतरी किंचाळलं, "जहरचंद!"

सगळी माडी उभी राहिली. टाळ्या, शिट्ट्या, मोबाईल वर. बाबूजी हात जोडून एवढंच म्हणत होते, "बसा, बसा."

गुलाबराव उठले. बाबूजींकडे त्यांनी पाहिलंही नाही. समोरच्या माईकला म्हणाले, "माईकभाऊ, तुले सांगतो. माहा पयला वाचक आला तवा मी पट्ट्याच्या चड्डीवर हापशीपाशी आंघोळ करून राह्यलो होतो. त्यानं मले पाह्यलं, आन् त्याचं तोंड एवढंसं झालं. काई न बोलता परत गेला. जाताना शेठच्या दुकानात बसून रडला. संध्याकाळी शेठ माह्या आंगणात आले. बोलणं बंद होतं, म्हणून माह्या बकरीले म्हणाले, अवं बकरी, तुह्या मालकाले सांग, गिऱ्हाईक याच्या आंधी दुकान झाडा लागते. उद्यापासून कोणी आलं का मी त्याले लंबा धाडीन आन् खांबाले लाल दुपट्टा बांधीन. तेवढ्यात पैजामा घालून घेजो."

मला तो खांब आठवला, तो दुपट्टा आठवला, आणि बापाची लाज वाटण्यात घालवलेली ती वर्षं आठवली.

"पाच वर्सं दुपट्टा चुकला नाई," गुलाबराव माईकला म्हणाले, "आन् मी पाच वर्सं त्याले विष कालवाले लावलं. बकरी गेली. मंग सांगू कोणाले?"

त्यांनी गुंडाळी उघडली. शेवटचं पान. किराणा दुकान, गल्ल्यावर जहरचंद, समोर घामाघूम धडाकेराव रस्ता विचारतोय. जहरचंद हात लांब करून भलतीकडेच दाखवतोय. खाली 'समाप्त' नाही.

"आमी मराले मत देलतं!" धनंजय मास्तर ओरडले.

"हा मेला तं धडाकेराव घरी नाई पोचणार का लवकर? मंग गोष्ट संपली नाई का?" गुलाबराव म्हणाले.

बाबूजी उठले. मी हात द्यायला गेलो, त्यांनी झटकला. खुर्च्यांमधून वाट काढत पुढे गेले, टोपी घातली, चष्मा लावला आणि पान डोळ्यांजवळ नेलं. किती वेळ पाहत होते. लोकांना वाटलं आता रडतील. मलाही वाटलं.

मग त्यांनी पान खाली केलं आणि बत्तीस वर्षांत पहिल्यांदा गुलाबरावांकडे तोंड करून बोलले.

"पेंटर, याचा आंगठा उल्टा हाय."

"मालूम हाय, शेठ," गुलाबराव म्हणाले. "तुमी अजून पाहता का नाई, तेच पाहून राह्यलो होतो."