आमच्या बागेचं चित्र

बायको जाऊन आठ महिने झाले. तिचा फोटो म्हणाल तर आधार कार्डावरचा तेवढा, त्यात ती चोरासारखी दिसते. पण ती होती तेव्हा एक चित्रकार शेंदूरजनाघाटच्या आमच्या संत्र्याच्या बागेत चार दिवस चित्र काढत बसला होता. चारही दिवस तिनं त्याला जेवू घातलं, आणि त्यानं तिला चित्रात विहिरीपाशी उभं केलं. म्हणून अमरावतीत त्या चित्राचं प्रदर्शन लागल्याचं कळताच मी एसटीत बसलो.

हॉल इतका पांढराफक्क, की चपला बाहेर काढाव्यात असं वाटलं. चित्रात बाग होती, विहीर होती. बायको नव्हती.

"माही बायको कुठी गेली रे बाप्पा?" मी चित्रकाराला विचारलं.

"काका, एवढ्या मोठ्या चित्रात माणूस आला की नजर तिथंच अडकते. जागा मोकळी वाटत नाही. म्हणून वरून रंग दिला."

"तिच्या हातचा ठेचा खाताना तं तुही जागा अडली नाही!"

तो ओशाळला. "रंगाखाली आहे काका. बाजूनं पाहा."

चार शिकलेले लोक हाताची घडी घालून समोरून मोकळी जागा पाहत होते. मी भिंतीला गाल लावला. दिव्याच्या तिरप्या उजेडात विहिरीपाशी रंगाचा उंचवटा दिसला. खांदा होता, डोक्यावरचा पदर होता.

"ओ बाबा, भिंतीपासून दूर व्हा!" हॉलचा राखणदार ओरडला.

"दूर झालो का ती दिसत नाही," म्हटलं, आणि तसाच उभा राहिलो.