पाण्यातल्या मुलीचे नाक

आधी माफी मागतो. लिहिणे हे माझे काम नव्हे. नोकरीभर मी पंचनामे आणि जबाब लिहिले, त्यात सुंदर असे काही नसते. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिला, तोही सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाल्यावर. मराठीच्या मॅडम म्हणाल्या, एखादा अनुभव लिहून आणा. एक प्रकरण अजून मनातून गेलेले नाही, तेच लिहितो. नावे कोणाचीच देत नाही. चुकले तर सांभाळून घ्यावे.

डोणगावकडच्या एका खेड्यातली सज्ञान मुलगी घरातून निघून गेली होती. वडील म्हणाले, आमच्यासाठी ती मेली. हरवल्याची नोंद आईने दिली आणि तपास माझ्याकडे आला. नातेवाईक, मैत्रिणी, बसस्टँड, सगळे पाहून झाले. धागा मिळाला नाही. बाजाराच्या दिवशी आई ठाण्यात यायची. काही विचारायची नाही. समोरच्या बाकावर थोडा वेळ बसायची आणि भाजीची पिशवी उचलून निघायची. मुलगी जिवंत आहे की नाही, एवढेच तिला हवे होते. तेवढेही मला सांगता येत नव्हते.

एक दिवस मुलीचा मामा आला. तो एसटीत कंडक्टर. मलकापूरजवळ हायवेवरच्या एका हॉटेलात त्याची गाडी जेवायला थांबते. तो खुर्चीवर बसलाही नाही. म्हणाला, "साहेब, भिंतीवर आमची पोरगी हाये. पाण्यात मरून पडेल हाये."

ठाणेदारांची परवानगी घेऊन मी मलकापूरला गेलो. जेवणाच्या हॉलमध्ये हाताने रंगवलेली मोठमोठी चित्रे होती. जुन्या विलायती शोकांतिकांवरच्या नामांकित चित्रांच्या त्या नकला. कोणी राणी विषाचा पेला घेऊन बसलेली, कोणी प्रेताशेजारी रडणारा राजा. मधल्या चित्रात एक तरुणी ओढ्याच्या पाण्यावर उताणी, केस पसरलेले, भोवती फुले, डोळे उघडे. अंगावर परदेशी झगा, पण चेहरा आमच्या फाइलमधल्या फोटोतला.

मी मालकाला विचारले, जेवणाच्या जागी ही रडकी चित्रे कशाला? तो म्हणाला, "लोकं जेवले की उठतात साहेब. टेबल लवकर खाली होते."

चित्रकार जळगाव जामोदचा निघाला. पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवायचा. फ्लेक्स आल्यावर ते काम गेले, तेव्हा नकला करू लागला. त्याला चौकशीला बोलावले. साधा, उतारवयाचा माणूस. समोरचा चहा त्याने तसाच निवू दिला. काम कसे करतो ते विचारल्यावर मात्र नीट सांगू लागला. छापील चित्रावर पेन्सिलने चौकटी आखायच्या, तितक्याच चौकटी कापडावर, आणि एकेक चौकट उतरवायची. चेहरा कुठून आला, असे विचारले की मान खाली. छापील चित्राचा तेवढाच भाग ओल लागून गेला होता, म्हणून मनाने काढला, इतकेच त्याचे म्हणणे. आवाज चढवून उपयोग नाही, हे मी ओळखले. घाबरलेला माणूस एक खोटे धरून बसला, की आरडाओरड्याने ते जास्तच घट्ट धरतो.

ओळख पटवायला आईला बोलावून मोबाइलमधला चित्राचा फोटो दाखवला. ती आधी रडली. मग पदराने डोळे पुसून तिने फोटो जवळ धरला. बराच वेळ पाहत राहिली.

"साहेब, इचं नाक तं टोचेल हाये."

मी म्हणालो, मग?

"माह्या पोरीचं नव्हतं. सुईले लय भ्याची. लग्नाच्या वक्ती पाहू म्हणे."

मी फोटो मोठा करून पाहिला. डाव्या नाकपुडीवर बारीकशी चमकी होती. म्हणजे चेहरा घर सोडल्यानंतरचा होता. परत चित्रकारासमोर बसलो आणि हळूच विचारले, चमकी पण मनानेच काढली का?

त्याने मोबाइलमधला फोटो पाहिला. मग म्हणाला, "मले मनानं काहीच येत नाही साहेब. समोर असंन तेच काढतो. पण तिले जबान देली होती, कोणाले सांगणार नाही म्हणून." आणि त्याने सगळे सांगितले.

मुलगी त्याच्याच मागच्या खोलीत भाड्याने राहत होती, नवऱ्यासोबत. महिला पोलीस बरोबर घेऊन मी गेलो. लग्न नोंदणीचे होते, कागद बरोबर होते. नाक चित्रकाराच्या बायकोने टोचून आणले होते. चित्राचा विषय निघाला तशी मुलगी हसू लागली. बाजेवर केस सोडून झोपवले होते तिला. "काका म्हणे, मेल्यावानी पड. मले हासूच आवरे ना."

जबाब झाल्यावर मी विचारले, घरी पत्ता सांगू का? तिचे हसणे गेले. "नोका सांगू. बाबा येतीन. आईले एवढंच सांगा, मी बरी आहो."

कायद्याने माझे हात बांधलेले होते. मुलगी मिळून आली, स्वखुशीने राहते, असा अहवाल देऊन प्रकरण बंद केले. आईला ठाण्यात बसवून सांगितले, जिवंत आहे, सुखात आहे, पत्ता सांगता येणार नाही. पत्त्यासाठी ती भांडेल असे वाटले होते. तिने एकच विचारले, "जाड झाली का थोडी?" झाली, म्हणालो. मग बाजाराच्या दिवशी ती येईनाशी झाली.

मी यातून एक शिकलो. कागदावर प्रकरण बंद होते, तेव्हा घरातल्या माणसाचे निम्मेच संपलेले असते. उरलेले निम्मे आपल्या हातात नसते. मुलीला माझा नंबर दिला होता, वाटलेच तर आईचा नंबर मागून घे, एवढेच सांगून. तिने पुढे कधी फोन केला नाही. मीही केला नाही.

मागच्या महिन्यात अनोळखी नंबरवरून फोन आला. आवाज आईचा होता. ती जळगाव जामोदला होती, लेकीच्या बाळंतपणाला. नात झाली. मुलीने स्वतः बोलावले म्हणाली, मामाकडून निरोप धाडून. मी विचारले, एकट्याच गेलात का?

"नाही जी. तिचे बाबा घेऊन आले. सकाळपासून आंगनात बसून हायेत. आत येऊन नाही राह्यले," ती म्हणाली, आणि थोडे थांबून, "पन गेले बी नाही."