एका रुपयाचा इसार

जालन्यात आमची एक गल्ली आहे, तिथं फक्त बारदाना विकला जातो. रिकामी पोती, रिकाम्या पिशव्या. दुकानदारही दुपारभर रिकामेच असतात, त्यामुळे सगळ्यांचे कान फार तिखट. माझे सासरे, म्हणजे मामा, यात पार मुरलेले. एमआयडीसीकडून येणाऱ्या टेम्पोची चाकं किती दबलीत ते बघून कुठल्या बियाणे प्लांटचा माल उठला, हे ते छातीठोक सांगत. निम्म्या वेळा चुकत, पण मामांच्या चुका गल्लीत कोणी लक्षात ठेवत नसे.

माझा नवरा स्टीलच्या कारखान्यात लागला. बारदान्याची धूळ सोसत नाही म्हणाला आणि भट्टीच्या धुरात जाऊन उभा राहिला. मग दुकानात मी बसू लागले. गिऱ्हाईक भाव मला विचारी, घासाघीस माझ्याशी करी, आणि पैसे मात्र मला ओलांडून मामांच्या हातात ठेवी. पुढं तर मला तो हात स्वप्नातसुद्धा दिसायचा.

त्या उन्हाळ्यात मी पहिल्यांदा स्वतःच्या हिमतीवर खरेदी केली. सोयाबीनच्या बियाण्याला लागतात तशा गोदामभर पिशव्या. मामा म्हणाले, "उंदराचं लगीन लावून राह्यली का यात?" पेरणीच्या आधी माल निघाला नाही तर वर्षभर उंदीरही माझे आणि टोमणेही माझेच, हे मला स्वच्छ दिसत होतं. मला एवढंच हवं होतं की माल जावा, आणि तो मी विकला असं गल्लीनं म्हणावं.

आमच्या गल्ल्यावर फोनवरून पैसे आले की मोठ्यानं बोलणारा तो डबा आहे. मामांना त्याचा भारी राग. तो "दोनशे रुपये मिळाले" म्हणाला की मामा नाकातून त्याची नक्कल करत आणि म्हणत, "सगळ्या गल्लीला दवंडी पिटतं बेनं." दवंडी खरीच होती. शेजाऱ्याचा डबा काय बोलतो यावर आमच्याकडं बाजाराचे अंदाज बांधले जात.

अशात एमआयडीसीतल्या एका प्लांटनं खरेदीला सॉफ्टवेअरचा एजंट बसवला. भाव तोच विचारणार, ऑर्डर तोच देणार, पैसेही तोच पाठवणार. तिथला खरेदीवाला पूर्वी रोज आमच्याकडं चहाला यायचा. तो सांगून गेला, "वहिनी, आता मी फक्त बघून राह्यलो. मशीन हवामानाचे पैसे देतं, भावांचे पैसे देतं, आणि दुसरी मशीनं कशाकशाला पैसे देऊन राह्यली याचा अंदाज विकणारी कंपनी हाय, तिलाबी पैसे देतं." मशीननं कशाला पैसे दिले हे पाहून बाजार ओळखायचा, याचा म्हणे मोठा धंदा आहे. आमच्या गल्लीनं तो लवकरच फुकटात सुरू केला.

एके दिवशी सकाळी डबा बोलला, "एक रुपया मिळाला."

मामांनी चष्मा लावून फोन पाहिला. पाठवणाऱ्याच्या जागी प्लांटचं नाव. मामा चक्क उठून उभे राहिले आणि त्या डब्याला त्यांनी हात जोडले. "इसार आला!"

आमच्या धंद्यात इसार म्हणजे सौदा पक्का. रक्कम कितीही असो, वर एक रुपया हवाच, कारण बांधतो तो एकच. इसार घेतला की तो माल दुसऱ्याला दाखवायचासुद्धा नाही. आता या मशीननं बाकीची रक्कम गाळून नुसता बांधणारा रुपयाच पाठवला, म्हणजे ते किती जाणतं असेल! मामा तर त्याच्या प्रेमातच पडले.

दुपारपर्यंत गल्लीतला प्रत्येक डबा "एक रुपया मिळाला" म्हणून गेला. चहाच्या हॉटेलात सभाच भरली. एवढ्या लोकांना इसार, म्हणजे प्लांट ढीगभर बियाणं भरणार. ढीगभर भरणार, म्हणजे बाजारात टंचाई होणार हे त्याला कळलंय. दुसऱ्या दिवशी थेट हसनाबादहून माझ्या माहेरच्यांचा फोन आला, "सोयाबीनचं बी मिळणार न्हाई म्हणतेत, खरं का?" एका रुपयात अफवेनं भोकरदन तालुका गाठला होता. गल्लीत मात्र विक्री बंद. सगळे आपापल्या मालावर कोंबडीसारखे बसून राहिले.

मी खरेदीवाल्याला फोन केला. तो हसून बेजार. "वहिनी, खातं बराबर हाय का ते तपासायला मशीन एक रुपया टाकतं. ऑर्डर-बिर्डर काही न्हाई."

मामांना सांगितलं तर ते म्हणाले, "तपासणारा पैसे घेतो. देतो कधी?" सरकारी कचेऱ्यांत खेटे घालण्यात आयुष्य गेलेला माणूस दुसरं काय म्हणणार!

आणि नेमका तेव्हाच कुंभार पिंपळगावचा एक शेतकरी आला. त्यांच्या शेतकरी गटाचं स्वतःचं बियाणं होतं, ते भरायला त्याला माझ्या गोदामातल्या सगळ्या पिशव्या हव्या होत्या. भाव चांगला देत होता. मामांनी मान हलवली, "माल बांधला गेला." माझ्या डोक्याची शीरच उठली. माझा माल, माझं गिऱ्हाईक, आणि आडवा कोण, तर एक रुपया!

मग मी मामांच्याच रिवाजाला हात घातला. "मामा, विकणाऱ्यानं सौदा मोडला तर इसार दुप्पट परत करायचा ना?"

"बिलकुल."

मी त्यांच्यासमोर मशीनला दोन रुपये पाठवले. मामा फोनवरचा आकडा वाचून म्हणाले, "मंग मोकळं झालो." शेतकऱ्यानं पाचशे एक रुपये इसार काढला आणि मला ओलांडून मामांच्या हातात ठेवला. टेम्पो घेऊन परवा येतो म्हणाला.

गल्लीला हे कळताच आणखी काही जणांनी मशीनला दोन-दोन रुपये धाडले आणि स्वतःला मोकळं करून घेतलं. पण मशीनसुद्धा अंदाज बांधायलाच बसवलेलं होतं. दुसऱ्या दिवशी खरेदीवाल्याचा फोन आला. यावेळी तो हसत नव्हता. "वहिनी, मशीननं साहेबाला कळवलंय, जालन्यातले व्यापारी उलटे पैसे परत करून राह्यले, बारदान्याची टंचाई हाय, मिळंल त्या भावात उचला. तुमचं गोदाम हाय का? जल्दी बोला." आणि त्यानं भाव सांगितला. तो शेतकऱ्याच्या भावापेक्षा इतका वर होता की मी तो दोनदा विचारून घेतला.

मामांनी माझ्या तोंडाकडं बघून सगळं ओळखलं. इसाराचं एवढं पावित्र्य सांगणारा तो माणूस क्षणात म्हणाला, "एक हजार दोन दे त्या पिंपळगाववाल्याला. रिवाजच हाय."

"मामा, एका रुपयासाठी अडून बसला होतात तुम्ही!"

"तवा भाव कुठं वाढला व्हता?"

मी त्या म्हाताऱ्याला मनात फार वाईट शिव्या दिल्या. त्याहून वाईट शिव्या स्वतःला दिल्या, कारण मलाही तेच करायचं होतं. मोहानं हात फोनपर्यंत गेलाही होता. पण तो शेतकरी गटात सांगून बसला असणार की पिशव्यांचं झालं. मशीन दोन रुपये घेऊन गप्प बसलं, हा बसला नसता. आणि मामांच्या चुका गल्ली विसरते, माझी एक चूक तिनं माझ्या नातीच्या लग्नातसुद्धा काढली असती. मी खरेदीवाल्याला सांगितलं, माल गेला. फोन ठेवल्यावर रागानं मला रडू आलं. शेजारच्यांनी त्याच भावात आपलं गोदाम रिकामं केलं आणि आम्हाला पेढे पाठवले. मी एकही खाल्ला नाही.

मामा माझ्याशी बोलेनात. ठरल्या दिवशी टेम्पो आला. शेतकऱ्याला गल्लीतला भाव हॉटेलातच कळला होता. तो अवघडून दारात उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, माल हाय ना?"

"बांधलेला आहे, उचला," मी म्हणाले.

पिशव्या चढल्या, हिशेब मिटला. जाताना त्यानं खिशातून पाचशेची एक नोट आणि एक नाणं काढलं. मामांनी सवयीनं हात पुढं केला. त्यानं मामांना ओलांडून पैसे माझ्या हातात ठेवले. "पुढच्या साली माल तुमच्याच अंदाजानं घ्या, ताई. आमचा इसार आत्ताच ठेवा."

पैसे रोख होते, त्यामुळे डबा काही बोलला नाही. मामांचा हात अजून हवेतच होता. तो त्यांनी हळूच मागं घेतला, घसा खाकरला, आणि नाकातून, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले, "पाचशे एक रुपये मिळाले!"