समोरच्यांच्या गॅसवर

आमच्या घरात चहा उकळायला बंदी होती.

जिच्यासाठी बंदी होती ती, माझी सून पल्लवी, गेल्या वर्षी आजच्याच दिवशी गेली. कॅन्सरनं.

मूळची अकोल्याची. नोकरी हिंजवडीत, सॉफ्टवेअरमध्ये. कंपनीनं ऑनसाइट, परदेशात पाठवलं होतं तेव्हा तिकडून दूध फेसाळायचं एक छोटं यंत्र घेऊन आली आणि चाय लाटेचं वेड.

दर रविवारी पातेलंभर मसाल्याचा चहा आटवायची. कोरा, दाट. "कॉन्सन्ट्रेट, आई." गाळून बाटलीत, बाटली फ्रीजमध्ये. सकाळी कंपनीची बस पकडायच्या आधी गरम दुधात ओतायचा, वर फेस, की निघाली.

"चहा काय शिळा करून ठेवायची वस्तू आहे?" मी म्हणायचे.

"शिळा नाही हो, बॅच प्रोसेसिंग. रोज रोज तेच काय करून राहायचं?"

मी माझा ताजा चहा प्यायचे, ती तिचा फेस. भांडण नव्हतं. इतक्या वर्षांत आमचं एकमत झालं नाही, एवढंच.

मग केमो सुरू झाली.

आल्याचा वास आला की तिला उलटी व्हायची. वेलचीचं तर नाव काढायची सोय नव्हती. मी घरातला चहाच बंद केला. अख्ख्या कोथरूडमध्ये चहा न होणारं आमचं एकच घर असेल! मी समोरच्या फ्लॅटमध्ये, नीलाताईंकडे जाऊन प्यायचे.

तिच्या लक्षात आलंच.

"आई, तुम्ही माझ्यामुळे लोकांच्या दारात चहाला जाता. मला नाही आवडत."

"लोक कुठले? नीलाताई आहेत. आणि त्यांचा चहा इतका पांचट की मी तो औषधासारखा घेते."

हसली. खूप दिवसांनी.

मग तिनंच डोकं लावलं. वास येतो तो उकळताना. गार बाटलीचा घरभर होत नाही. म्हणजे आठवड्याचा चहा एकदाच नीलाताईंच्या गॅसवर आटवायचा, बाटली घरी आणायची, आणि मी बाल्कनीत बसून गरम दुधात घालून प्यायचा.

मी. जिनं त्या बाटलीला आयुष्यभर नावं ठेवली.

कृती मला येत नव्हती. ती पलंगावरून व्हिडिओ कॉल करायची. फोन नीलाताईंच्या साखरेच्या डब्याला टेकवलेला.

"गॅस बारीक करा. आधी नुसता मसाला उकळू द्या. चहापत्ती शेवटी. आता गॅस बंद, झाकण."

आणि गाळताना हमखास, "चोथा पिळायचा नाही हं. तुरट होतो."

आता हे मला कसं जमायचं? चक्का असो नाहीतर नारळाचं दूध, शेवटचा थेंब काढल्याशिवाय मी जन्मात फडकं सोडलेलं नाही.

"आई, पिळलंत."

"नाही गं."

"मला दिसून राहिलं!"

कधीकधी स्क्रीनवर नुसता पंखा दिसायचा आणि ओकाऱ्यांचा आवाज. मी धावत निघायचे तर फोनमधून ओरडायची, "येऊ नका, कपड्यांना वास असेल." मग मी आणि नीलाताई तशाच ओट्यापाशी उभ्या. थोड्या वेळानं बारीक आवाज यायचा.

"हं. आता गाळा."

एकदा न राहवून म्हटलं, "कशाला एवढा त्रास करून घेतेस?"

म्हणाली, "केमोची शेवटची सायकल झाली की आपल्याच किचनमध्ये करू. लाटे मी करणार, फेसासकट. तुम्ही माझ्यासोबत प्यायचा. नाक मुरडायचं नाही."

मला तो फेस कधीच आवडला नाही. पण त्या एका कपासाठी मी देव पाण्यात घालून बसले होते.

शेवटची सायकल झाली. एका दुपारी मी समोरून आले आणि ती पॅसेजमध्येच उभी.

"आई, तुमच्या ओढणीला लवंगेचा वास येतोय."

मी तशीच कपडे बदलायला वळले.

"थांबा. मळमळत नाहीये."

ओढणीचं टोक नाकाला लावून उभी राहिली. केस नाहीत, भुवया नाहीत, आणि चेहरा कसा उजळलेला. "छान येतोय हो," म्हणाली. आम्ही दोघी तिथेच रडलो.

"रविवारी आपल्याकडे," ती म्हणाली.

मी ताजं आलं आणलं. यंत्रात नवे सेल घातले.

शनिवारी तिला ताप भरला. पांढऱ्या पेशी उरल्याच नव्हत्या. माझा मुलगा अमेय खाली गाडी काढायला गेला. दारात चप्पल घालताना मला म्हणाली, "येते आई. आलं फ्रीजमध्ये ठेवा. मी आल्यावर करू."

आली नाही.

सुतकात आमच्याकडे गॅस पेटवत नाहीत. शेजारपाजारचे आणून देतात. नीलाताई थर्मासमधून चहा घेऊन आल्या. पहिल्या घोटातच मला कळलं. शेवटची बाटली त्यांच्याच फ्रीजमध्ये राहिली होती.

तिच्या ऑफिसची मुलं मान खाली घालून तो पीत होती. कुणाला काही माहीत नव्हतं.

तिचे वडील अकोल्याहून आले होते. सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. अर्धा कप प्यायले आणि थांबले.

"हा चहा कोणी केला, विहीणबाई?"

"तुमच्या पोरीनं."

त्यांनी कप रिकामा केला आणि पुढे धरला. "अजून थोडा द्या."

वर्ष झालं. आता आमच्या घरात आलं उकळायला कुणाचीच हरकत नाही. अमेय म्हणतो, "आई, आता तरी घरात कर गं."

मी पातेलं उचलते आणि समोर जाते.

आजही जाऊन आले, पल्लवी. चोथा पिळला नाही.

घरात करायचा तो तू आल्यावर. तसंच ठरलंय आपलं.