न चाळलेली वाळू

माझ्या आत्याला माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत. समोरच्या बिऱ्हाडातल्या बाईंना ती वर्षभर त्यांच्या बहिणीच्या नावानं हाक मारत होती, आणि त्या बिचाऱ्या ओ देत होत्या. पण नदीतला शिंपला हातात दिला की ती डोळे मिटून त्यावरून अंगठा फिरवायची आणि त्याची जात सांगायची. आधी बाहेरून बघायचं. कवच फुगीर की चपटं, टोकापाशी सुरकुत्या आहेत की ते गुळगुळीत आहे. शिंपला रिकामा असेल तर मग आतून. दोन्ही झडपा जिथं जोडलेल्या असतात त्या बिजागरीपाशी दात असतात, ते जाड आहेत, बारीक आहेत की मुळीच नाहीत.

"रंगावर जाऊ नकोस," ती मला सांगायची. "रंग पाण्यावर असतो, गाळावर असतो. एकाच आईची लेकरं, एक काळं निघतं, एक पिवळं. दात बघ."

ती माझ्या बाबांची थोरली बहीण. लग्न केलं नाही, आमच्याच घरात माडीवरच्या खोलीत राहायची आणि नदीचा अभ्यास करणाऱ्या एका सरकारी कचेरीत नोकरी करायची. तिच्या खोलीत खिडकीखाली काचेची टाकी होती, तळाला वाळू. त्या वाळूत एक जिवंत शिंपला अर्धा रुतून बसलेला असे. मी लहान असताना तो मला दगडच वाटायचा. एकदा तिनं दुधाचा एक थेंब काचेच्या नळीनं अलगद त्याच्या कडेपाशी सोडला. झालर लावल्यासारखी एक फट तिथं होती. दूध त्या फटीतून आत ओढलं गेलं. "इथून पाणी आत घेतो, कल्ल्यांवरून फिरवतो, खायचं ते ठेवतो आणि उरलेलं स्वच्छ पाणी त्या वरच्या फटीतून सोडून देतो. एक पाय आहे, तो वाळूत रोवलाय. डोकं नाही."

"मग विचार कसा करतो?"

"करत नाही. म्हणून तर शंभर वर्षं जगतो," आत्या म्हणाली आणि स्वतःच हसत सुटली.

कचेरीत तिला शिंपलेबाई म्हणत. तिथल्या तिच्या खोलीत दुसरं टेबल होतं ते माशांचा अभ्यास करणाऱ्या एका गृहस्थांचं. दोघं एकाच वर्गात शिकलेले, एकाच वर्षी नोकरीला लागलेले. हा माणूस सापडलेल्या प्रत्येक माशाचे आधी कल्ले उचकटून बघे, म्हणून त्याला सगळे कल्लेसाहेब म्हणू लागले. स्वभावानं इतका शांत की आयुष्यात त्यानं कधी कल्ला केला नसेल. खोलीत सूक्ष्मदर्शक एकच होता, आणि त्यावरून दोघांची रोज जुंपायची. तो यायच्या आधी आत्या तिथं ठाण मांडून बसे. तो काही न बोलता चहा घेऊन यायचा आणि कप नेमका तिच्या कोपराजवळ ठेवायचा. मग कप सांडायच्या भीतीनं तिला उठावंच लागे.

एकदा तो तिला म्हणाला, "बाई, तू एवढी ऐटीत बसतेस, पण माझ्या माशांशिवाय तुझे शिंपले एक पिढी चालायचे नाहीत."

म्हणायला तो थट्टेत म्हणाला, पण ते खरंच होतं. शिंपल्याची मादी आपली पिल्लं कल्ल्यांतच वाढवते. डोळ्यांना नीट दिसणारही नाहीत इतकी ती बारीक. वेळ आली की ती त्यांना पाण्यात सोडते, आणि त्या पिल्लांना जगायचं तर ठरलेल्या जातीचा मासा गाठून त्याच्या कल्ल्याला चिकटावं लागतं. काही आठवडे माशाच्या अंगावर काढायचे, मग गळून वाळूत पडायचं, आणि पुढची काही वर्षं वाळूच्या आतच, कोणाला न दिसता वाढायचं. मासा नाही मिळाला तर खेळ खलास.

आत्याला ते वाक्य लागलं. तिची हयात शिंपल्यांत गेली होती, आणि हा म्हणतो ते परक्याच्या पाठीवर जगतात. तिनं वरवर हसून सोडून दिलं, पण मनातून काढलं नाही.

त्याच सुमारास शहराच्या वरच्या अंगाला नदीवर जो जुना बुटका बंधारा होता तो उंच करायचं ठरलं. बंधाऱ्याच्या वर नदीत काय काय जगतं ते बघायचं काम आत्याकडं आलं. मासे खालून वर चढावेत म्हणून पायऱ्यांसारखी वाट बांधायची की नाही, हे त्यावर ठरणार होतं. बांधली तर खर्च आणि वेळ दोन्ही जाणार होते.

आत्या कंबरेपर्यंतचे रबरी बूट घालून नदीत उतरली. तळाला काच बसवलेली बादली पाण्यावर टेकवून वाकून बघत चालायचं, अशी ती पद्धत. बंधाऱ्याच्या वरच्या एका वळणावर तिनं बादलीतून खाली पाहिलं. सगळा तळ शिंपल्यांनी भरलेला. एकाला एक लागून, फटी किंचित उघड्या, जाडजूड, हाताच्या पंजाएवढे. सगळे त्याच जातीचे, ज्या जातीवर तिचं मन बसलं होतं आणि जी बाकी नदीत कुठंच उरली नव्हती. त्या दिवशी ती घरी आली तेव्हा तिच्या केसांत शेवाळ होतं आणि ती जेवताना एकटीच हसत होती, असं बाबा सांगतात.

दुसऱ्या दिवशी तिनं कल्लेसाहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "लहान कुठे आहेत?"

"लहान वाळूत असतात. वरून दिसत नाहीत, तुला माहीत आहे."

"मग वाळू चाळलीस?"

"एवढे हजारो जिवंत शिंपले आहेत तिथं. कशाला चाळू?"

"अगं, हजारो म्हातारे असतील. या जातीला लागणारा तो रुपेरी मासा खालून वर चढतो. जुना बंधारा बुटका आहे, पूर मोठा असला की तो कसाबसा उडी मारून येतो. उंच झाला की संपलं. एक हंगाम थांब. तू वाळू चाळ, मी कल्ले बघतो. दोघं मिळून लिहू."

आत्याला फक्त शेवटचं वाक्य ऐकू आलं. दोघं मिळून. म्हणजे पुन्हा माशांशिवाय शिंपले नाहीतच. ती म्हणाली, "तू तुझे मासे बघ. माझ्या शिंपल्यांचं मी बघून घेईन."

कचेरीच्या मोठ्या साहेबांना घाई होती. शिंपल्यांची वस्ती भरभराटीला आहे, जुन्या बंधाऱ्याचा तिला काही त्रास झालेला दिसत नाही, असं आत्यानं लिहून दिलं. जे डोळ्यांनी पाहिलं तेच लिहिलं, त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. साहेबांनी सगळ्यांसमोर तिची पाठ थोपटली. बंधारा उंच झाला. माशांची वाट झाली नाही.

कल्लेसाहेबांनी पुढं बदली मागून घेतली. जायच्या दिवशी ते खोलीत आले तेव्हा आत्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली होती. पाहण्यासारखं त्याखाली काहीच नव्हतं, काचपट्टी कोरी होती, हे तिनंच मला नंतर सांगितलं. ते जरा वेळ दारात उभे राहिले आणि निघून गेले.

त्यानंतर ती दर दोनतीन वर्षांनी त्या वळणावर जाऊन यायची. दर वेळी बादलीतून बघायची, दर वेळी तळ भरलेलाच असायचा. परत येऊन म्हणायची, "ठणठणीत आहेत." मला वाटतं ती स्वतःलाच सांगत असावी, कारण आमच्यापैकी कोणी विचारलेलं नसायचं.

ती निवृत्त झाली त्या वर्षी मी गाडी चालवायला लागले होते. एका सकाळी ती म्हणाली, "मला त्या वळणावर घेऊन चल. आणि परसातली ती मोठी चाळणी घे." मी चाळणी डिकीत टाकली.

दिवसभर आम्ही वाळू चाळली. तळाची वाळू पाटीत घ्यायची, चाळणीत ओतायची, पाण्यात हलवायची, उरेल ते बोटांनी चाचपायचं. खडे, काटक्या, गोगलगायी. शिंपल्याचं एकही पिल्लू नाही. तिनं मोठे शिंपले एकेक उचलून बघितले. झाडाच्या खोडात असतात तशी त्यांच्या कवचावर वाढीची वर्तुळं असतात. सगळ्यात लहान जो सापडला, त्याची वर्तुळं तिनं उन्हात धरून दोनदा मोजली आणि खाली काठावर बसली.

"हा शिंपला, बंधारा उंच झाला त्याच्या आदल्या पुराचा आहे," ती म्हणाली. "म्हणजे तेव्हा लहान होते. थोडे होते, पण होते. चाळली असती तर मला सापडले असते."

मग तिनं एक मादी उचलली. झडपा न मोडता किंचित उघडायचा एक चिमटा असतो, त्यानं ती फट रुंद केली आणि मला आत बघायला सांगितलं. आतले कल्ले उशीसारखे टम्म फुगलेले होते.

"काय आहे हे?" मी विचारलं.

"पिल्लं. भरलेली आहे ती." आत्यानं चिमटा काढला, झडपा हळूच मिटू दिल्या आणि तिला जिथून उचललं होतं तिथंच, त्याच बाजूनं तोंड करून वाळूत रोवलं. "दर वर्षी भरत असणार. दर वर्षी सोडत असणार. चिकटायला मासाच नाही. इतकी वर्षं नुसती पाण्यात सोडतायत गं."

येताना ओली चाळणी तिनं मांडीवर घेतली होती.

पुढच्याच आठवड्यात तिनं कल्लेसाहेबांचा पत्ता शोधून काढला. ते दुसऱ्या गावी, मुलाच्या घरी राहत होते. मी तिला घेऊन गेले. त्यांच्या बायकोनं दार उघडलं, आत्याकडं पाहिलं आणि काही सांगायच्या आतच म्हणाली, "शिंपलेबाई ना? या." आत कल्लेसाहेब खिडकीशी बसलेले. गुडघे धरलेले, केस पांढरे, पण नजर तीच असावी, कारण आत्याला या खेपेला चेहरा ओळखायला क्षणही लागला नाही.

खुर्चीवर बसायच्या आधीच ती म्हणाली, "लहान नाहीत. मी वाळू चाळली."

त्यांनी विचारलं, "कधी?"

"गेल्या आठवड्यात."

"बरं केलंस," ते म्हणाले. आत्याला याचा राग आला.

"बरं काय केलं? तू तेव्हा सांगितलंस, मी ऐकलं नाही. माझ्या तोऱ्यापायी झालं हे. जरा बोल मला."

"काय बोलू? मला माहीत होतं ना. मोठ्या साहेबांची खोली दोन दारं सोडून होती. मी जाऊन सांगू शकलो असतो, थांबा म्हणून. उठलोही होतो एकदा. मग म्हटलं, तुझ्या कामावर बोट ठेवलं तर तू आयुष्यभर बोलणार नाहीस माझ्याशी." ते किंचित हसले. "तसंही तू बोलली नाहीसच."

त्यांची बायको चहा घेऊन आली होती, ती तशीच उभी राहिली. आत्या डोळे पुसत नव्हती, त्यामुळे ती रडते आहे हे आम्हाला उशिरा कळलं.

मग दोघांनी जमेल ते केलं. तो रुपेरी मासा आपल्या नदीतून केव्हाच गेला होता, पण लांबच्या एका उपनदीत तो अजून आहे हे कल्लेसाहेबांना माहीत होतं. अर्ज-विनंत्या करून त्यांनी थोडे मासे पकडायची परवानगी मिळवली. पिंपात पाणी, पाण्यात हवा सोडणारं यंत्र, आणि मागच्या सीटवर पिंपाला मिठी मारून बसलेली आत्या. वाटेत रस्ता अडला आणि ऊन चढलं. वळणावर पोचेपर्यंत मासे उलटे झाले होते. कल्लेसाहेबांनी सवयीनं एकाचे कल्ले उघडून पाहिले आणि मान हलवली. पुढच्या वर्षी त्या उपनदीतले मासे पकडायला बंदी आली. बंदी योग्यच होती, असं दोघंही म्हणाले.

बंधाऱ्याला माशांची वाट बांधा म्हणून आत्यानं कचेरीचे पुष्कळ उंबरे झिजवले. तिथला नवा साहेब भला माणूस होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं, तिला खुर्ची दिली आणि विचारलं, "पण बाई, वाट बांधली तरी त्यातून चढणार कोण?"

त्यानंतर वर्षातून एकदा मी त्या दोघांना वळणावर घेऊन जात असे. कल्लेसाहेब काठावर घडीच्या खुर्चीत बसत, आत्या पाण्यात. तळ आता पूर्वीसारखा भरलेला नव्हता. मध्ये मध्ये नुसती वाळू दिसे, आणि काठाला उघड्या पडलेल्या रिकाम्या झडपा लागलेल्या असत, आतून चकचकीत. शेवटी डॉक्टरांनी आत्याला पाण्यात उतरायची मनाई केली, तेव्हा तीही दुसरी खुर्ची टाकून काठावर बसली. आईनं एकदा तिला हळूच विचारलं होतं, "वन्सं, तुमचं दोघांचं तेव्हा जमलं असतं का हो?" आत्या म्हणाली, "असं काही नव्हतं गं आमच्यात. आम्ही नीट काम केलं असतं, एवढंच." आणि ते तिनं इतक्या तुटक आवाजात सांगितलं, की आईनं पुन्हा तो विषय काढला नाही.

आम्ही तिथं शेवटचं गेलो त्या दिवशी परतताना दोघं मागच्या सीटवर होते. बराच रस्ता गेल्यावर आत्या म्हणाली, "आपण तेव्हा भांडायला हवं होतं."

"भांडलो की."

"कुठे भांडलो? तू एक बोललास, मी एक बोलले, आणि दोघंही गप्प झालो. दोनतीन दिवस चांगलं कडाकडा भांडलो असतो तर तिसऱ्या दिवशी मी चाळणी घेऊन गेले असते."

आरशातून मला दिसलं, कल्लेसाहेब खिडकीबाहेर बघत होते आणि आत्या अजून त्यांच्या उत्तराची वाट बघत होती.